शेवटची हिरवी जर्सी

प्रिय गेथिन,

तू बरा असशील असं धरून चालते. नसतास तर तुझ्या लेकीनं कळवलं असतं, कारण तू स्वतः काही कळवणाऱ्यातला नाहीस. नाताळाला तुझं कार्ड आलं, त्यात ओळी मोजून तीन आणि त्यातली एक वाऱ्याबद्दल. ऑर्कनीत वारा असतो हे मला ठाऊक आहे रे, बेटंच आहेत ती. तुझी जुळी नातवंडं आता घर डोक्यावर घेत असतील. दोघं दोन दिशांना पळतात आणि तू मध्ये कंबरेवर हात ठेवून उभा, असं चित्र डोळ्यांपुढे आलं की मी शाळेच्या स्वयंपाकघरात बटाटे सोलता सोलता एकटीच हसते. मुलं विचारतात, नेस्टाबाई, काय झालं? मी म्हणते, गप जेवा.

शनिवारी मोएल डोंगरावरची पळण्याची शर्यत झाली. गेल्या वर्षी बर्फानं रद्द झाली होती, म्हणजे तू लेकीकडे तिकडे राहायला गेल्यापासूनची ही पहिलीच. आपली डिलिस अजून क्लबचं सेक्रेटरीपद सोडायला तयार नाही. सत्तरी उलटली, गुडघे गेले, पळणं सुटलं, पण हुकूम सोडणं काही सुटत नाही. हॉलमध्ये छातीवर लावायचे नंबर घ्यायला रांग नको म्हणून तिनं नेहमीप्रमाणे आपल्या क्लबच्या सगळ्यांचे नंबर एकदम उचलले, वाटून टाकले आणि पाण्याचे पेले घेऊन धरणावर निघून गेली. माझी गाडी सुरू होता होईना, त्यामुळे मी पोचले तोवर ती गेलेली. टेबलावर पलीकडच्या गावातली ती जाड चष्म्याची बाई होती, तीच, जी तुला दरवर्षी जास्तीचा केक द्यायची. ती म्हणाली, तुझा नंबर तुमच्या लोकांकडे आहे. आणि वर म्हणते कशी, "गेथिन आलाय वाटतं? त्याचाही नंबर गेलाय."

काय सांगू तुला. आपल्यातल्या एकाकडून माझा नंबर घेतला आणि पिना कशाबशा टोचल्या. तू न कळवता आलास याचा आधी राग आला. मग वाटलं, हे अगदी तुझंच काम, काही न बोलता येऊन सुरुवातीच्या गर्दीत मागे कुठेतरी उभं राहायचं. मी टाचा उंच करकरून बघत होते. गारा पडत होत्या, सगळ्यांनी टोप्या डोळ्यांपर्यंत ओढलेल्या, त्यात माणूस ओळखणार कसा? तेवढ्यात शिट्टी झाली आणि सगळी झुंबड चढाला लागली.

मी पळाले तरी किती! चॅपलच्या चढणीवर, जिथे मी एरवी सरळ चालते, तिथेही पळाले. छाती फुटायची वेळ आली. तुला वाटायचं मला कळत नाही, पण तू त्या चढणीवर थांबून बुटाची नाडी बांधायचास ना, ती कधी सुटलेलीच नसायची. तू माझ्यासाठी थांबायचास आणि मी पोचले की कपाळाला आठ्या घालून म्हणायचास, हे बूट बदलायला हवेत. इतकी वर्षं आपण दर मंगळवारी त्या रस्त्यानं पळालो, दोघंही एकटेच होतो, आणि त्यावर आपण काय बोललो तर बूट, मेंढ्या आणि हवामान.

तर शनिवारी चॅपलच्या वळणावर एकजण खरंच वाकून नाडी बांधत होता. आपल्या क्लबची हिरवी जर्सी, पाठमोरा. मी हाक मारली, मोठ्यानं, तुझ्या नावानं. त्यानं मान वळवली तर तो आपल्याकडे नवा आलेला गुरांचा डॉक्टर. बिचारा गोंधळून म्हणाला, मी नाही तो. मी म्हटलं, दिसतंय ते, आणि पुढे निघाले. त्याच्यावर का खेकसले कोण जाणे.

धरणापाशी मी डिलिसकडे थांबलेच नाही. ती ओरडत राहिली की पाणी तरी घे. तू पुढे असशील असं माझ्या डोक्यात बसलं होतं आणि उतारावर तुला गाठायचंच होतं. शेवटच्या रेषेपाशी तू नव्हतास. मग वाटलं, मागे असशील, दोन वर्षं नातवंडं खांद्यावर घेऊन फिरणारा माणूस, चढ विसरला असेल. मी कोट अंगावर टाकला आणि पुन्हा रस्त्याकडे तोंड करून उभी राहिले.

आपल्या क्लबची रीत तुला ठाऊकच आहे. शेवटची हिरवी जर्सी आत आल्याशिवाय कुणी चहाला हात लावायचा नाही. सगळे आले, तो डॉक्टरही आला, आणि बाकीचे हॉलकडे वळणार एवढ्यात आयोजकांनी येऊन सांगितलं की तुमचा एक नंबर अजून वर आहे. कुणाचा? तर गेथिन प्रिचर्डचा. डिलिस नुकतीच धरणावरून परतली होती. ती म्हणाली, तो कधी आला? आणि माझ्याकडे बघायला लागली, जशी काही तुझी खबर ठेवणं ही माझीच जबाबदारी. मी म्हटलं, "आलाय तो." इतकं ठासून म्हटलं की तिनं पुढे विचारलंच नाही.

मग काय, सगळा क्लब गारांत उभा. चहा आत गार होतोय, केक झाकून ठेवलेले, आणि एकही माणूस हलेना. ट्रेफोर त्याची शेतावरची गाडी घेऊन वर गेला. कुणी म्हणालं पाय मुरगळला असेल, कुणी म्हणालं तो गप्पा मारत बसला असेल कुठल्यातरी कुंपणापाशी. मला भीती वाटायला हवी होती. वाटतही होती. पण गेथिन, खरं सांगते, त्याहून जास्त आनंद झाला होता. तू या डोंगरावर कुठेतरी आहेस आणि थोड्या वेळात खाली येणार आहेस, एवढंच मनात होतं. कितीतरी दिवसांत मी इतकी सुखी नव्हते.

ट्रेफोर परत आला, काच खाली करून म्हणाला, "धरणापर्यंत जाऊन आलो. वर कुणी नाही." आता डोंगरावर शोध घेणाऱ्यांना फोन करायचा म्हणून डिलिस चष्मा शोधायला लागली. रेनकोटाच्या खिशात हात घातला आणि चष्म्याबरोबर एक न वापरलेला नंबर बाहेर आला, तुझा, चारी पिना जशाच्या तशा. अर्ज भरताना सवयीनं तिच्या हातून तुझंही नाव गेलं होतं आणि वाटताना उरलेला नंबर तिनं न बघता खिशात कोंबला होता. मग जे हसायला लागले ते थांबेनात. आता वर्षभर डिलिसला ऐकून घ्यावं लागणार. सगळे हात चोळत चहाकडे पळाले. डिलिस तेवढी माझ्याजवळ थांबली. म्हणाली, "पोरी, चल आता आत." साठीच्या बाईला पोरी म्हणते ती.

मी आत गेले नाही. ट्रेफोरला सांगावंसं वाटत होतं की एकदा पुन्हा वर जाऊन बघ. खिशातून निघालेला नंबर समोर दिसत असूनही. तेव्हाच मला कळलं की हे असं रस्त्याकडे बघत उभं राहणं मला आता झेपणार नाही. इथली शाळा जुलैत बंद होतेय, मुलंच उरली नाहीत. माझं स्वयंपाकघरही त्याबरोबर जाईल. सगळे विचारतात आता काय करणार, आणि मी म्हणते बघू. ते उत्तर खोटं आहे. म्हणून हे पत्र. गेथिन, जुलैनंतर मी तिकडे आले तर चालेल का? चार दिवसांची पाहुणी म्हणून नाही, राहायला. तुला नको असेल तर तसं लिही, मी समजून घेईन. पण या वेळी वाऱ्याबद्दल लिहू नकोस.

तुझीच (हो, विचार करूनच लिहिलंय),
नेस्टा