चौदा अक्षरांची जागा

भंडारा,
शुक्रवार, १० फेब्रुवारी १९८९

रुखमिणी,

मंगळवारी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी फॅक्टरीचा कॉम्प्युटर बंद पडला, तेव्हापासून मी पहिल्यासारखा राहिलो नाही. तू मोहाडीला घरी सुखरूप असशील. काकाजी-काकूंना नमस्कार. ऑफिसात तुम्ही म्हणतो, इथं तू लिहून राहिलो. राग मानू नको.

मशीन बुधवारी दुपारी चालू झालं. मशीनला कपाट म्हणणारा मंगरू शिपाई अजून विचारतो, "कपाट जागं झालं का जी?" तुझ्या खुर्चीवर कोणी बसत नाही. मी बसू देत नाही, हेही खरं.

माझं काम तुला कधी नीट सांगितलं नाही. मशीनच्या मुळाशी जो प्रोग्राम असतो, कर्नल, त्यात नावं इकडून तिकडे उतरवणाऱ्या बावीस ओळी होत्या. जागा किती हे त्या पाहतच नव्हत्या. नाव लांब झालं की शेजारच्या जागेत घुसायचं. कापगते साहेबांनी त्या मला बदलायला दिल्या. नवी ओळ मोजून अक्षरं घेते. पण नाव जागेत काठोकाठ भरलं, तर 'इथे संपलं' सांगणारं शून्य ती लावत नाही. ते आपण लावायचं. नाही लावलं तर मशीन पुढचं काहीही नाव समजून वाचत सुटतं.

आठ दिवस मिळाले होते. रोज दोन-तीन ओळी, तपासून. सोमवारी चहाच्या वेळी मी लग्नाचं विचारलं आणि तू म्हणाली, "कॉलेज अर्ध्यात सोडलं, उद्या मले बी सोडसान." डोकं फिरलं. उरलेल्या सतरा ओळी मंगळवारी सकाळी एका बैठकीत उरकल्या आणि न तपासता, साहेबांना न सांगता नवा कर्नल चढवला. हातात घेतलेलं मी पुरं करतो, हे तुला दाखवायचं होतं.

मग तू जानेवारीच्या हजेरीत एका कामगाराचं नाव टाइप केलं. चौदा अक्षरं, जागा काठोकाठ; माझ्या ओळीत शून्य राहिलं होतं आणि मशीन बंद पडलं. भिंतीवरच्या कागदावर 'चौदापर्यंत चालेल' असं मीच लिहिलं आहे.

साहेब ओरडले, "चौदाच्या वर नाव कोनं देलं?"

"चौदाच हायेत सर, मोजा ना," तू म्हणाली.

त्यांनी मोजलं नाही. मी मोजलं होतं. मी पंख्याकडे पाहत उभा राहिलो. त्यांनी तुला घरी पाठवलं तेव्हाही.

बुधवारी राहिलेलं शून्य गुपचूप घातलं आणि नवा कर्नल आत्ताच चढवला असं सांगितलं, म्हणजे मंगळवारचा दोष जुन्या ओळींवर आणि तुझ्या लांब नावावर गेला. साहेब म्हणाले, "वा खुशाल, वाचवलं रे बाबा." मी "हो जी" म्हणालो. एवढं लिहायला दोन पानं फाडली.

तुला कामावरून काढल्याचा कागद आज साडेपाचला वर जाणार आहे. माझ्या सतरा ओळी छापून घेतल्या आहेत, चुकलेल्या ओळीपुढे सही केली आहे. नोकरी जाईल बहुतेक. सोमवारच्या प्रश्नाचं उत्तर आता मागत नाही.

पाच वाजायला दहा कमी आहेत. पाकीट चिकटवतो, खोलीचं दार ओढून घेतो आणि साहेबांकडे निघतो.

तुझ्यासमोर गप्प राहिलेला,
खुशाल