यंदा मीनासचा नामदिवस नाही

नाऊसा,
ता. २४ ऑक्टोबर २०१२

ती. आर्गिरोताईंना,
फोतिनीचा सा. न. वि. वि.

तुमचे कान आता फोनला दाद देत नाहीत, आणि जे सांगायचंय ते मला ओरडून सांगता यायचं नाही, म्हणून हे पत्र. तुमचे बंधुराज पलीकडच्या खोलीत आहेत आणि आमच्या भिंती पातळ आहेत.

सूतगिरणी बंद पडून चार वर्षं झाली. सव्वीस वर्षांची नोकरी एका दुपारी संपली. पहिलं वर्ष यांनी अर्ज करण्यात घालवलं. दुसऱ्या वर्षी लोकांची घरं रंगवली. पुढे गावात घर रंगवायची कुणाची ऐपतच राहिली नाही, तेव्हा निदान बाजारातून भाजी आणायचे. या उन्हाळ्यापासून मात्र उठतच नाहीत. खिडक्या लावून भिंतीकडे तोंड करून पडून असतात. दाढी अशी वाढलीय की आपल्या लांब दाढीवाल्या पाद्रीबुवांनी बघितली तर उठून आपली जागा देतील, असं मी म्हटलं. पूर्वी हसले असते. स्टुटगार्टहून लेकीचा फोन आला तरी, झोपलोय म्हणून सांग, म्हणतात.

वेरियाच्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या की हा मनाचा आजार आहे, त्याला औषध आहे, आणि दर मंगळवारी येऊन बोलत बसायचं. हे त्यानंतर एकदाही गेले नाहीत. आजारी गिरणी पडली, मी नाही, असं यांचं म्हणणं. गोळ्यांची पाकिटं कपाटात तशीच आहेत. गेल्या आठवड्यात गिरणीकडून पंचवीस वर्षांबद्दल मिळालेलं घड्याळ खालच्या मजल्यावरच्या गृहस्थांना देऊन आले. का म्हणून विचारलं, तर वेळ बघून मला करायचंय काय, म्हणाले. तेव्हापासून सफरचंदं निवडायच्या कामावर माझा हात चालतो पण जीव घरात अडकलेला असतो. मला भीती वाटते, ताई. कसली, ते कागदावर लिहवत नाही.

अकरा नोव्हेंबरला संत मीनासचा दिवस, म्हणजे यांचा नामदिवस. दरवर्षी न बोलावता गिरणीतलं यांचं सगळं खातं यायचं, चाळीस माणसं, जिन्यापर्यंत. ज्याचा दिवस त्याने सगळ्यांना खाऊपिऊ घालायचं. यंदा हे म्हणतात, लोकांपुढे ठेवायला काय आहे, यंदा नामदिवस नाही म्हणून दाराला कागद लाव. तो कागद सुतकातल्या घराला लावतात हे मला कळतं. पण कित्येक महिन्यांत यांनी माझ्याकडे पहिल्यांदाच काही मागितलंय. लावू का? तुमच्या शब्दाबाहेर मी नाही. लवकर लिहा.

गुडघ्यांना तेल चोळता ना? आमच्यावरची माया आटू देऊ नका.

तुमची
फोतिनी

◆

कावाला,
ता. ३१ ऑक्टोबर २०१२

चि. सौ. फोतिनीस,
अनेक आशीर्वाद.

कागद लावू नकोस. हे पहिल्या ओळीत लिहिते, म्हणजे पुढचं वाचून घाबरलीस तरी एवढं लक्षात राहील.

आमचे बाबा तापाने गेले असं तू मीनासकडून ऐकलं असशील. त्यालाही तेवढंच ठाऊक आहे. आता खरं ऐक. सत्तावन्न साली तंबाखूच्या वखारी बंद होऊ लागल्या आणि बाबा घरी बसले. आधी चिडचिड करायचे. मग बोलणं बंद झालं. मग तेही असेच भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. आई आम्हाला सांगायची, कुणी विचारलं तर बाबांची पाठ धरलीय म्हणा. मी सगळ्या गल्लीला तेच सांगितलं.

त्यांचा नामदिवस फेब्रुवारीत, संत स्तामातिसचा. पाहुण्यांना द्यायला घरात कॉफीसुद्धा नव्हती. तेव्हा आईने दाराला कागद लावायचं ठरवलं. यंदा स्तामातिसचा नामदिवस नाही. माझं अक्षर चांगलं म्हणून तो मी लिहिला आणि मीच चिकटवला. मी चौदा वर्षांची होते. कुणी आलं नाही. पुढच्या वर्षी कागद लावावा लागला नाही, तरीही कुणी आलं नाही. सवय मोडली होती लोकांची. त्याच्या पुढच्या वर्षी बाबा सकाळी बंदराकडे गेले ते चालत परत आले नाहीत. मग आम्ही पुन्हा तोच कागद लावला, आणि त्या वर्षी तो खरा होता.

मीनास पाच वर्षांचा होता. त्याला ताप सांगितला, तो तापच राहिला. पन्नास वर्षं मी हे गिळून बसलेय, फोतिनी. त्याने तुझ्यावर हात उगारला तरी चालेल, पण तू दार उघडं ठेव. नुसतं पाणी ठेव लोकांपुढे. आणि गोळ्या स्वतःच्या हाताने दे. त्या ऐदोबाला म्हणावं, ताईने कान धरलाय.

गुडघ्यांचं विचारू नकोस, ते माझ्याआधी म्हातारे झालेत. तुम्हा दोघांचं कुशल देवाजवळ मागते.

तुझी
आर्गिरो

◆

नाऊसा,
ता. १२ नोव्हेंबर २०१२

ती. आर्गिरोताईंना,
फोतिनीचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आज हातात पडलं. टपालवाल्यांचा संप होता. मी सतरा दिवस वाट पाहिली आणि शनिवारी संध्याकाळी कागद लावून टाकला. मला माफ करा, असं तरी कोणत्या तोंडाने लिहू?

काल रविवारी मी चर्चमध्ये गेले होते. कागदाची बातमी सकाळीच गावभर झाली होती. कागद म्हणजे घरात कुणीतरी गेलं, एवढंच लोकांना कळतं. यांच्या खात्यातला थोमास आणखी चौघांना घेऊन आला, काळे कोट घालून, सुतकाच्या घरी न्यावी तशी कॉफी-साखर घेऊन. मी किल्ली विसरले असेन असं वाटून यांनी दार उघडलं. थोमासने हात जोडून दुःख व्यक्त केलं आणि विचारलं, कोण गेलं, कावालाच्या ताई का? (तुम्हाला उदंड आयुष्य आहे, वाईट वाटून घेऊ नका.) हे म्हणाले, ताई आहे, बायको आहे, लेक आहे. गेलो तो मीच.

हे मला मागाहून थोमासनेच सांगितलं. तो नुसता आत येऊन बसला. मी परतले तेव्हा स्वयंपाकघरात काळ्या कोटातली पाच माणसं होती, त्यांनीच कॉफी केली होती, आणि हे टेबलावर डोकं ठेवून रडत होते. लग्नाला तीस वर्षं झाली, मी यांना रडताना पाहिलं नव्हतं. मग थोमास म्हणाला, गेल्या वर्षी तोही आठ महिने असाच पडून होता, आणि सगळ्यांना मुतखडा झालाय म्हणून सांगत होता.

जाताना थोमासने कागद काढून टेबलावर ठेवला. उद्या मंगळवार. गाडी घेऊन येतो म्हणालाय, वेरियाला जायला. हे जातील की नाही मला ठाऊक नाही. तुमचं पत्र मात्र मी लपवणार नाही, त्याच टेबलावर ठेवते आहे. चुकत असेन तर रागवा. पण या घरात आता पाठ आणि मुतखडा पुरे झाला.

लोभ जसा आहे तसाच राहू द्या, मला त्याचाच आधार आहे.

तुमची
फोतिनी

◆

नाऊसा,
ता. १६ डिसेंबर २०१२

ती. ताईस,
मीनासचा सा. न. वि. वि.

बरा झालो असं लिहीत नाही, तुला ते खोटं वाटेल. पाच मंगळवारांपैकी चार गेलो. एकदा अंथरुणातून उठवेचना. थोमास खाली हॉर्न वाजवून कंटाळला, मग वर आला आणि माझ्या पलंगाशी तासभर खुर्ची टाकून बसला. गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं. काम नाही, आणि या गावात मिळेल असं वाटत नाही. सकाळ सगळ्यात वाईट जाते. दाढी केली, त्यावर फोतिनी म्हणते की पाद्रीबुवांची नोकरी आता सुरक्षित आहे.

तुझं पत्र वाचलं. आठवडाभर तुझा फार राग आला. पन्नास वर्षं मी एका तापासाठी मेणबत्त्या लावत आलो. मग तुझं चौदा वर्षांचं वय आठवलं. तुलाही कुणी काही विचारलं नव्हतं. पहिल्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं, घरात आधी कुणाला असा आजार होता का, तेव्हा मी नाही म्हणालो. गेल्या मंगळवारी मी आपणहून सांगितलं, होता, माझ्या वडिलांना. मोठ्याने सांगितलं, ताई. तुला ऐकू आलं असतं.

तीन फेब्रुवारीला बाबांचा नामदिवस. तू इकडे ये. आपण दार उघडं ठेवू. कॉफी थोमासने आणली तीच पुरेल.

हा कागद जाड आहे, कारण हा दाराचा आहे. उलटून बघ, मागे फोतिनीचं अक्षर दिसेल. मी चुलीत घालणार होतो, मग म्हटलं, ताईला पाठवावा. वाचून झालं की तू आपल्या हाताने फाड. तेव्हाचा तुला फाडता आला नव्हता.

वाट पाहतो.

तुझा
मीनास