पाण्याखालच्या झाडोऱ्याची वाटणी

मी, वर्नेल टॅकेट, माहेरची गँट, वय एकाहत्तर, राहणार हॅचर्स बेंड, मिसिसिपी, डोके ठिकाणावर असताना आणि कोणी मानगुटीवर बसलेले नसताना हे मृत्युपत्र लिहीत आहे. गुरुवारी माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. "काळजीचं काही नाही," असे डॉक्टर पुन्हा पुन्हा म्हणू लागले, तेव्हाच मी कागद काढला.

घर, त्यातील सामान व बँकेतील शिल्लक माझी मुलगी डार्ला हिला द्यावी. तिने घर विकल्यास माझी हरकत नाही. ती विकणारच आहे. बिडाची कढई मात्र विकू नये आणि साबणाने तर मुळीच घासू नये.

(मध्येच उठून खिडकीशी जाऊन आले. धरणाचे पाणी आज आणखी उतरले आहे. एका जागी बसवत नाही.)

माझे क्रँकबेट, म्हणजे पुढे ओठ असलेले ते प्लास्टिकचे खोटे मासे, टपालवाली शेल्बी क्रो हिला पेटीसकट द्यावेत. तिच्यासाठी सूचना: खोटा मासा बुडालेल्या फांदीवर आपटला की ओढायचे नाही. दोरी सैल सोडायची. तो आपसूक मागे सरकून वर येतो, आणि क्रॅपी मासा बहुतेक तेव्हाच तोंड घालतो. ओढणाऱ्यांचे खोटे मासे फांद्यांतच राहतात. दर हिवाळ्यात पाणी उतरले की मी ते वेचून आणते.

आता झाडोऱ्याविषयी. मासे आसऱ्याला यावेत म्हणून धरणाच्या तळाशी मी बुडवलेली सीडरची झाडे कायद्याने माझी नाहीत. पाणी सरकारचे, तळही सरकारचा. तरी खोडांना सिमेंटचे ठोकळे बांधून ती मी स्वतः बुडवली, आणि खोटा मासा फांद्यांना घासत जाईल एवढी वाट मधून ठेवली. माझा धाकटा भाऊ हॉइट याने एका हिवाळ्यात, झाडे उघडी पडलेली असताना, मला न विचारता त्यांवर ओकच्या जाड फांद्या आणून टाकल्या. वाट बुजली. आता तिथे गळाला लावलेली जिवंत मासळी तेवढी वरून सरळ सोडता येते, म्हणजे हॉइटची पद्धत.

"तुला जास्त मासे मिळावेत म्हणून टाकल्या, ताई," तो म्हणाला.

"माझ्या ताटात तू वाढू नकोस," मी म्हणाले.

तेव्हापासून आमचे बोलणे नाही. चर्चमध्ये तो डावीकडे बसतो, मी उजवीकडे. आईला पुरले त्या दिवशीही आम्ही तसेच बसलो. मला अजून राग येतो, पण हल्ली रागापेक्षा वाईट जास्त वाटते. गुरुवारनंतर बोलायची संधीच मिळाली नाही तर, या विचाराने जीव थाऱ्यावर नाही.

म्हणून माझी बोट, मोटर व गळकाठ्यांसह, हॉइट गँट याला द्यावी.

सहीसाठी साक्षीदार दोन लागतात. शेजारीण मॉझेल प्रूइट येऊन बसली आहे. बाकी सगळे हरणांच्या मागे रानात गेले आहेत. मॉझेलने मला न विचारता हॉइटला फोन केला. यापुढचे तो समोर असताना लिहीत आहे.

तो गुडघ्यापर्यंत चिखलाने माखून आला.

"पायपुसणं बाहेर आहे," मी म्हणाले. इतक्या वर्षांनी हेच तोंडातून निघाले.

"पुसले. उरलाय तो वाळल्यावर पडेल."

"कुठे लोळत होतास?"

"तुझ्या झाडोऱ्यात. मॉझेलनं परवा ऑपरेशनचं सांगितलं, तेव्हापासून ओकच्या फांद्या ओढून काढतोय. पाणी चढलं की मग काही करता यायचं नाही. वसंतात तुझे ते प्लास्टिकचे मासे कुठून नेणार होतीस?"

मी त्याला बोटीचे कलम वाचून दाखवले. वकिलाने बजावले होते तेही सांगितले: साक्षीदाराने सही केली की त्याला लिहून ठेवलेले त्याला मिळत नाही.

"दुसरं कोणी येईपर्यंत थांबू," मी म्हणाले.

"पेन दे."

"ऐकलंस ना? बोट डार्लाकडे जाईल. ती विकेल."

"ऐकलं. तुझी बोट घेऊन मी काय करू, ताई? एकट्यानं बसू तिच्यात? मार्चमध्ये तू पुढे बस, मी मागे बसतो. आता पेन दे."

मॉझेलनेच त्याला पेन दिले. मला रडू आले, तेही येथे नमूद करते.

बोटीचे कलम खोडू नये. कायद्याने ते पोकळ झाले तरी कागदावर राहू द्यावे.

वरील सर्व मी वाचून पाहिले, ते माझेच आहे, आणि दोघांच्या देखत सही करीत आहे.

वर्नेल टॅकेट
हॅचर्स बेंड, मिसिसिपी
३ डिसेंबर २०१९

साक्षीदार:
मॉझेल प्रूइट, शेजारीण
हॉइट गँट, भाऊ. मला यातले काही नको.