खालून उघडणारी कणगी

मी, सोमी नवसू भोये, राहणार साखरशेत, तालुका जव्हार, वयाने म्हातारी पण शुद्धीने जागी, हे मृत्युपत्र माझ्या मनाने लिहवून घेत आहे. कोणाचा दाब नाही. अक्षर शेजारच्या ठकीच्या नातीचे, वर्षाचे, बोलणे माझे. तिने ते जरा नीटनेटके केले असेल तर माझी हरकत नाही.

शेत, बैल आणि घर माझा मुलगा भावेश याला. घरकुल मंजूर झाले आहे, तेव्हा कुडाच्या जुन्या भिंती पाडून त्याने पक्के बांधावे. कोयता आणि उखळ-मुसळ सुनेला, रंजनाला. तिने मला कायम गरम भाकरी वाढली, हे कागदावर यावे.

आता कणगी. ती या मिळकतीतून मी वेगळी काढत आहे.

पूर्वी भात साठवायच्या बांबूच्या कणग्या फक्त वरून उघडत. तळाचे भात काढायला उखळ उपडे घालून त्यावर चढावे लागे आणि आत वाकावे लागे. माझी मुलगी पुष्पा लहानपणी अशीच आत उलटी पडली, पाय तेवढे बाहेर. सगळे हसले. मी तिला पाय धरून बाहेर ओढले. पुढच्या साली कणगी विणताना मी तळाशी बांबूची नळी बसवली आणि तिला सागाची खुंटी मारली. खुंटी काढली की भात आपोआप सुपात येते. नळी पुष्पाच्या हाताला लागेल एवढ्याच उंचीवर ठेवली.

पुष्पाचा बाप म्हणाला, "उंदरांना दार केलास तू." उंदीर आले नाहीत, जामसरच्या बाया बघायला आल्या. आता आसपास तशाच विणतात. जव्हारच्या प्रदर्शनात या कणगीबद्दल शाल-नारळ मात्र त्याला मिळाले. ती शाल त्याच्याबरोबर चितेवर गेली, तो वाद मिटला. लावणीत पावसासाठी पाठीवर घ्यायच्या इरल्याला छातीवरचा पट्टा पहिल्यांदा माझ्या सासूने, फागीने, लावला आणि बायांचे दोन्ही हात मोकळे झाले. तिला तर कोणी नारळही दिला नाही. तिचे नाव राहावे म्हणून इथे लिहिले.

पुष्पा आपल्या मनाने लग्न करून वसईला गेली. भावेश तिला म्हणाला, "या घरात तुजा आता काय नाय." तेव्हापासून ती आली नाही. फोनवर एकदा विचारले, "आये, नळी हाय ना गं अजून?"

म्हणून ही कणगी पुष्पाची. घरात विणलेली कणगी दारातून निघत नाही, हे भावेशला ठाऊक आहे. ती फोडायची नाही. नवे घर तिच्याभोवती बांधावे. ती उभी आहे ती जमीन आणि दारापासून तिथवर जायची वाट, हीही पुष्पाची.

पुष्पा गेल्यापासून मी ती खुंटी काढलेली नाही. या वयातही उखळावर चढून वरूनच भात काढते. मला पोरीची फार आठवण येते. माझ्यामागे खुंटी तिनेच काढावी. तोवर भावेशनेही वरून वाकावे.

हे वाचून दाखवले तेव्हा भावेश ओट्यावर विळ्याला धार लावत होता. त्याने विळा खाली ठेवला. मग म्हणाला, "वर्षा, पुष्पाबायचा नंबर हाय का तुज्याकडं?" हेही मी लिहायला लावले आहे.

सोमी नवसू भोये (डाव्या हाताचा अंगठा)

साक्षीदार: ठकी जिवा गावित (अंगठा), लाडक्या फागू वाघ (सही)
लिहिणार: वर्षा

साखरशेत, १४ डिसेंबर २०२५