अकरा अक्षरांचा फरक

३ फेब्रुवारी, मंगळवार

ताई,

नमस्कार. बरी असशील असं धरून चालते. विचारायला मला तोंड उरलेलं नाही. माझे गुडघे कुरकुरतात, ऑफिसातली खुर्ची त्यांच्याहून वरताण. सर अजून चहात बिस्कीट बुडवतात आणि ते पडलं की माझ्याकडे बघतात, जणू मीच ढकललं.

बातमी म्हणजे, आमच्या डेटाबेसची नवी आवृत्ती सोमवारी निघतेय. दोन हजारांवर इंट्रॉन, प्रत्येकाचा अक्षरांचा क्रम आणि घडीची आकृती. तू आईला हे समजावलं होतंस, आठवतं? आरएनएच्या पट्टीत मधेच एक जादा तुकडा असतो. तो घड्या घालून बसतो, स्वतःच स्वतःला कापून बाहेर काढतो आणि उरलेली दोन टोकं जोडून देतो. आई म्हणाली होती, "म्हणजे कात्रीही तोच, शिंपीही तोच. मग तुम्हाला पगार कशाचा देतात?" हसून हसून तुला ठसका लागला होता.

इकडचं तिकडचं लिहून पान भरत आलं. आता लिहितेच.

सात वर्षांपूर्वी तू तळ्याकाठच्या बुरशीतला इंट्रॉन आमच्याकडे पाठवलास. तो मी डुप्लिकेट म्हणून काढून टाकला. दुसऱ्याच बुरशीच्या आधीच्या एका नोंदीशी तो जवळजवळ जुळत होता, अकरा अक्षरांचा काय तो फरक. असं असलं की दोन्ही आकृत्या काढून शेजारी ठेवायच्या आणि मगच ठरवायचं, हा आमचा नियम. मी आकृती काढलीच नाही. पुढे तुझा शोधनिबंध तपासणाऱ्यांनी माझा शेरा बघितला आणि आपला मारला: नमुन्यात भेसळ. निबंध परत आला, पाठोपाठ तुझी नोकरी गेली. तू फोनवर म्हणालीस, "माझंच काहीतरी चुकलं असेल." मी म्हणाले, "असेल."

आजवर मनाला सांगत आले की घाईत झालं. घाई नव्हती, ताई. त्या दिवशी माझ्याकडे तीनच नोंदी होत्या. सकाळी आपलं भांडण झालं होतं. आईला महिनाभर तुझ्याकडे ने म्हटलं, तर तू म्हणालीस, प्रयोग सोडून कशी नेऊ. मी फोन आपटला. अर्ध्या तासाने समोर तुझाच प्रयोग आला. सूड लिहायला हात धजत नाही, पण दुसरा शब्द सापडत नाही.

गेल्या आठवड्यात दुसऱ्या प्रयोगशाळेतून त्याच बुरशीचा क्रम आला. तीच अकरा अक्षरं. या वेळी आकृती काढली. घडी साफ वेगळी. तुझं बरोबर होतं.

सरांना सगळं सांगितलं. बिस्कीट हातातच राहिलं. लेखी दे, एवढंच म्हणाले. दिलं. सोमवारी तुझी नोंद जुन्या तारखेनिशी, तुझ्या नावाने परत लागते. माझं काय करायचं ते वरचे ठरवतील.

एक मात्र परत लावता येत नाही. शेवटच्या आजारपणात आईने विचारलं होतं, "एवढी हुशार पोर, तिचं कसं गं चुकलं?" मी उशी सारखी केली आणि म्हणाले, "होतं असं कधी कधी." ती तेच धरून गेली.

माफी मागत नाही. मागितली तर तू देशील, तुझा स्वभावच तसा. खाली 'तुझी' लिहिलंय. ठेवायचं की काढायचं, या वेळी तू ठरव.

तुझी
धाकटी