अडीच फुटांचे ओटे

८ जानेवारी १९५९, गुरुवार

आजवर या हातांनी केलेलं —

तहसील कचेरीच्या दक्षिणेकडच्या खिडक्या, सागवानी, सात. सहा अजून न अडकता उघडतात. सातवीला कुणीतरी रंग चोपडला, तो माझा दोष नाही.
विहिरींचे रहाट, नऊ.
तामलवाडीच्या शाळेचं जोतं.
येरमाळ्याच्या रस्त्यावरची मोरी. एका पावसाळ्यात अलीकडची, पलीकडची, दोन्ही मोऱ्या वाहून गेल्या, ही उभी आहे.
मशिदीतला मिंबर, इमामसाहेब खुतब्याला चढतात त्या पायऱ्या, एकही खिळा न वापरता.
माझा मोजायचा गज, माझा काटकोनाचा गुण्या, थापीची मूठ.
बायको हमिदाबीच्या कबरीचा चौथरा, एक.

शेवटची ओळ कचेरीत द्यायच्या कागदावर घातली नाही. ती इथंच राहू दे. अध्यक्ष शांतलिंगराव म्हणाले होते, "रसूलमिस्त्री, तुमच्याकडं सर्टिफिकेट न्हाय. कामांची यादी तरी द्या. सभेत दाखवायला हातात कागद लागतो." नगरपालिकेत बांधकामाचा माणूस मी एकटा, महिना पासष्ट. बाजाराचा नकाशा मी काढला, अंदाजपत्रक मी केलं. तरी यादी मागितली. दिली.

कारकून अक्षर बघून म्हणाला, मिस्त्री, शाळा कुठली? म्हणालो, पाट्या. लहानपणी मौलवीसाहेबांनी उर्दू शिकवली तेवढीच. पोलिस ॲक्शननंतर कचेरी मराठीत गेली, तेव्हा दुकानांच्या पाट्या वाचत मराठी शिकलो. वय पस्तीस होतं. त्याला वाटलं मी चेष्टा करतो.

१७ जानेवारी

सभा झाली. शेतकरी बाजाराचा माझा अंदाज बेचाळीसशेचा. तिजोरीत एकतीसशे. मग कात्री लागली. पत्र्याची शेड गेली. कुंपण गेलं. जनावरांचा हौद गेला. राहिले चोवीस ओटे आणि एक चिंच — ती आधीपासूनच होती.

दोन सभासद म्हणाले, ओटे तरी कशाला? जागा महालिंगप्पाला गोदामासाठी भाड्यानं द्या, दरसाल नऊशे येतील, तूट भरून निघंल. महालिंगप्पा अडत्या. सध्या सगळा माल त्याच्या दारात उतरतो. प्रत्येक पोत्यातून वानगी म्हणून त्याचा माणूस दोन्ही हातांची ओंजळ काढतो. ती ओंजळ परत पोत्यात पडलेली मी बघितली नाही. शेतकऱ्याला बसायला स्वतःची जागा झाली की ती ओंजळ बंद. म्हणून तर हा बाजार.

शेवटी ठराव असा — ओटे बांधा. मार्चअखेर शेतकरी तिथं बसला तर बाजार राहील. नाही बसला तर जागा गोदामाला.

महालिंगप्पा मागच्या बाकावर सुपारी कातरत बसला होता. 

५ फेब्रुवारी

ओटे आठ बाय पाच. उंची अडीच फूट. तीस इंच, एक सूत इकडं नाही की तिकडं नाही. सोलापूरच्या मंडईत चार दिवस उभा राहून मापं घेतली होती मी. गिऱ्हाइकानं उभ्याउभ्या माल बघावा, कंबर वाकवू नये. माल मातीपासून दूर. शेळीचं तोंड पोचत नाही. आमच्याकडं कुणी हा विचारच केला नव्हता.

गवंडी म्हणाला, मिस्त्री, एक थर कमी घेऊ, दगड वाचंल. त्याला म्हणालो, नकाशा तू काढलास का मी?

११ फेब्रुवारी

आज ओळंब्याखेरीज कुणाशी बोललो नाही.

२० फेब्रुवारी

चोविसावा ओटा झाला. दोरी लावून बघितली. पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत एक रेघ. सरकारी इंजिनियरला दाखवावी अशी रेघ.

घरी येऊन सांगावंसं वाटलं. भाकरी थापली. एक कच्ची राहिली, एक करपली. हमिदाबी असती तर म्हणाली असती, ओट्याचं सांगा, पण आधी हात धुवा.

१ मार्च, रविवार

पहिला बाजार. नारळ फुटला. शांतलिंगराव दहा मिनिटं बोलले, नाव घेतलं माझं. मग गाड्या आल्या.

ओट्यांवर कुणी बसलं नाही.

ज्वारीवाले, मिरचीवाल्या, सगळे ओट्याच्या सावलीला खाली मातीत पोती अंथरून बसले. ओट्यांवर भाकरीची गाठोडी ठेवली, एका ओट्यावर तान्हं पोर निजवलं. आपापल्या मनानं आलेले पंधरा-सोळाच. बाकीच्या गाड्या महालिंगप्पाच्या दारात, नेहमीसारख्या.

नवं आहे, सवय नाही. होईल.

८ मार्च, रविवार

आज नऊ जण. एका ओट्यावर कुत्रं झोपलेलं. मी हाकललं नाही. कुणीतरी वापरतंय.

एका म्हाताऱ्याला हाताला धरून म्हणालो, बाबा, वर बसा, तुमच्यासाठीच बांधलाय. तो हात सोडवून घेत म्हणाला, "र्‍हाऊ द्या साहेब. बरं हाय इथंच." मला साहेब म्हणाला.

९ मार्च

हनीफच्या हॉटेलात गेलो तर बाकावरचं बोलणं थांबलं. वीस वर्षं मी तिथं चहा पितो. माझ्यामुळं कधी बोलणं थांबलं नव्हतं.

हनीफनं कप ठेवला. बाकीचे उठून जाईतो फडकं फिरवत राहिला. मग हळूच, "रसूल, सच्ची बोल. महालिंगप्पा से कित्ते लिया?"

मला कळलंच नाही आधी. मग कळलं. गाव म्हणतंय, मिस्त्रीनं पैसे खाऊन ओटे मुद्दाम असे बांधले की शेतकरी बसू नये.

म्हणालो, एक पैसा नाही.

"तो फिर ऐसा कैसा हुआ? तू तो चुकता नहीं. बीस साल से तूच बोलता, मैं चुकता नहीं."

चहाचे पैसे ठेवले आणि आलो.  चुकलो म्हणावं तर कुठं चुकलो ते मलाच माहीत नाही. रेघ सरळ आहे. उंची बरोबर आहे. चुना मी स्वतः मळून घेतलाय.

१२ मार्च

पहिला रोजा. खजूर, पाणी, कालचं वरण. ताटली एकच असली की धुवायला वेळ लागत नाही.

१५ मार्च, रविवार

आज सात.

बानूबाई म्हणून तामलवाडीची बाई आहे. मिरची, लसूण, थोडी तूर आणते. तोंडाची फटकळ. ऊन चढल्यावर तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो. म्हणालो, बाई, एक सांगा. वर का बसत नाही?

"आदी खाली बसा, मंग सांगते. मान दुखती माझी."

बसलो. तिच्यासमोर, मातीत. दोघांच्या मधे मिरचीचा ढीग.

"आता कसं. आता तुमी गिऱ्हाईक अन् मी बाई. मिरची मोडा, वास घ्या, भाव पाडा. नजरंला नजर हाय." मग ओट्याकडं हात केला. "तितं चढून बसले तर माजा पाय कुटं येतो? तुमच्या पोटाला. समोर पाटील हुबा राहिला, सासऱ्याच्या वयाचा माणूस हुबा राहिला, त्याच्या तोंडापुढं मी पाय घिऊन बसू? अन् चढू कशी, लुगडं सावरत, चार गड्यांदेखत?"

बाजूचा तुरीवाला म्हणाला, "अन् माप भरताना सांडतंय त्ये? खाली पोत्यावर सांडलं तर आपलंच. वरून सांडलं की मातीत."

"उभ्यानं भाव करतोय त्यो निगायच्या तयारीत असतोय," बानूबाई म्हणाली. "बसला म्हंजी घेनार."

मी विचारलं, आधी का नाही बोललात?

"तुमी इचारलं कुटं? तुमी दोरी लावत हुता."

मी विचारलं, मग किती उंच पाहिजे? तिनं तुरीचं लाकडी माप उचललं आणि माझ्यापुढं मातीत उभं ठेवलं. त्याच्यावर चार बोटं आडवी धरली. "एवडा. पावसाचं पानी चढू नये यापुरता."

गज लावला. बारा इंच.

१६ मार्च

चार दिवस सोलापुरात मापं घेतली. आपल्या बाजारात एक दिवस खाली बसलो नाही. हे लिहायला सकाळपासून तिसऱ्यांदा वही उघडली.

शांतलिंगरावांकडं गेलो. सगळं सांगितलं. दोन थर काढायचे, नऊ-नऊ इंचांचे, फरशी परत बसवायची. मजुरी एकशे साठ. ते कपाळ चोळत म्हणाले, "मिस्त्री, तिजोरीत आता झाडूला पैसे न्हायत. झाडूवाल्यांचा पगार पुढच्या महिन्यावर ढकललाय मी."

म्हणालो, मजुरी नको. मी एकटा करतो.

त्यांनी दार लोटून घेतलं. मग म्हणाले, "विचार करा. फुकट केलंत तर गाव म्हणंल, खाल्लेलं फेडतोय."

म्हणजे त्यांनाही तसंच वाटतंय का, हे विचारायचं राहून गेलं. खरं तर राहून गेलं नाही. विचारलं नाही.

१८ मार्च

माझाच चुना मला सुटेना. छन्नी बोथट झाली. इतकं पक्कं काम कुणी केलं म्हणून शिवी देणार होतो.

काल सुरुवात केली. एका ओट्याला सारा दिवस जातो. रोजा आहे, पाणी नाही. दुपारी चिंचेखाली आडवा झालो. रस्त्यानं जाणारं कुणीतरी म्हणालं, "मिस्त्री, व्याजासकट का?" आवाज ओळखीचा होता. डोळे उघडून बघितलं नाही.

२० मार्च

चार झाले. उजव्या हाताची मूठ उघडत नाही. खजूर डाव्या हातानं खाल्ला.

२२ मार्च, रविवार

पहाटेपासून खपून सहावा पुरा केला.

बानूबाई आली. पहिल्या ओट्याभोवती फिरली, हातानं फरशी पुसली, पोतं अंथरलं आणि बसली. बसून डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं. 

"हं," म्हणाली.

दुपारपर्यंत सहाही ओटे भरले. गिऱ्हाईक ओट्याच्या कडेला टेकून बसतं! हे माझ्या नकाशात नव्हतं. कडेला बसून, एक पाय खाली सोडून, ज्वारी तळहातावर घेऊन दाताखाली बघतं. एकाशी बोलता बोलता दुसरा येऊन टेकतो.

२५ मार्च

गवंडी येऊन उभा राहिला. कोट काढून झाडाला अडकवला आणि फरशीचं दुसरं टोक धरलं. दिवसभर. जाताना एवढंच म्हणाला, "मी एक थर म्हणलो हुतो. दोन निगाले."

मजुरी विचारली. हात हलवून गेला.

२९ मार्च, रविवार

गवंडी रोज आला. सतरा ओटे झाले, सतरा भरले. उरलेल्या सातांच्या बुडाशी लोक मातीत बसले. एकूण माणूस मोजला, एकेचाळीस. परत मोजला, एकेचाळीस. महालिंगप्पाच्या दारात पाच गाड्या. पहिल्या बाजारी तीस होत्या.

३१ मार्च

सभा. मला बाहेरच्या बाकावर बसवलं, मिस्त्री म्हणून आत खुर्ची नाही. दार उघडं होतं, ऐकू येत होतं.

जागा शेतकऱ्यांनाच राहिली. ठराव एकमतानं. जनावरांचा हौद पुढच्या अंदाजपत्रकात घ्यायचा, काढलेला दगड त्याला वापरायचा — हे माझंच कलम, शांतलिंगरावांनी वाचलं. एक सभासद म्हणाला, "मिस्त्रीनं केलेलं निस्तरलं, आता त्यो विषय वाढवू नका." सगळ्यांनी बरं म्हटलं.

निस्तरलं. लोक पांगल्यावर मीही उठलो.

४ एप्रिल

चोविसावा ओटा उतरवला. दोरी लावली. एक रेघ. या वेळी कुणाला सांगावंसं वाटलं नाही.

१० एप्रिल, ईद

नमाजहून येऊन बसलो होतो. हनीफ आला, त्याच्या बायकोनं, कुलसुमबीनं दिलेला शीरखुर्मा घेऊन. महिनाभरानं घरात कुणाचा तरी आवाज. गळाभेट झाली. खाटेवर बसला. मग पाठीवर हात ठेवून म्हणाला, "जाने दे यार. लिया भी होगा तो क्या. फेड दिया तूने. अल्ला माफ करनेवाला है. कल से दुकान पे आ."

माझ्या तोंडात घास होता. गिळला. म्हणालो, खजूर जरा जास्त पडलाय.

"कुलसुम को बोलता," म्हणाला.

वाटी धुऊन परत दिली.

१२ एप्रिल, रविवार

हे कुणाला सांगितलं नाही, या वहीलाही नाही. जानेवारीत, पाया खणायच्या आदल्या दिवशी, महालिंगप्पानं मला गादीवर शेजारी बसवून घेतलं. म्हणाला, "मिस्त्री, ओटे बांधा, पण शेतकरी बसणार न्हाय असे बांधा. कसे, ते मला न्हाय कळत, तुमी कारागीर." मी उठलो. म्हणालो, वाईट काम या हातांना जमत नाही. नोटांचं पुडकं त्यानं माझ्यादेखत मोजून पुढं सरकवलं होतं, मी हात लावला नाही. रुपये साडेसातशे. तेच काम मी फुकट करून दिलं.