सहा फुटांचा भाव

॥ श्री ॥

करामा, दुबई
१२ ऑगस्ट १९९८

ती. प्रमिलाताईस,
शि. सा. न. वि. वि.

आम्ही तिघे इकडे सुखरूप आहोत. उकाडा विचारू नकोस. पण आज मी एवढा खुशीत आहे की एसी बंद पडला तरी चालेल.

ताई, तुझ्या भावाच्या फ्रेमच्या दुकानाला हॉटेलची ऑर्डर मिळाली! चारशे फ्रेमा, एकसारख्या, प्रत्येक खोलीत एक. चित्र भोवतीच्या कागदी माउंटसकट वीस बाय सोळा इंच आणि पट्टी सोनेरी नक्षीची, चांगली चार इंच रुंद. आपण मिरजेत देवांच्या फोटोंना लावतो ती पाऊण इंची पट्टी यांना दाखवली तर हसतील. भाव मी अण्णांनी शिकवला तसाच काढला. चित्राभोवती टेप फिरवली, सहा फूट भरले, तेवढ्या पट्टीचे पैसे, वर काच, पुठ्ठा, मजुरी आणि थोडा नफा. एका फ्रेमला एकशेवीस दिरहम, म्हणजे आपले जवळजवळ चौदाशे रुपये. हॉटेलच्या मॅनेजरने एका शब्दानेही घासाघीस केली नाही.

मुग्धाची यंदा दहावी. सकाळपासून पुस्तकात डोकं असतं. मार्चमध्ये परीक्षा झाली की साधना आणि ती सुट्टीला येतील. अण्णा असते तर लेकाच्या नावाने मिरजेच्या दुकानात पेढे वाटले असते. आता दुकान तू चालवतेस, तर ते कामही तूच कर.

साधनाचा नमस्कार. भावावर आहे तो लोभ तसाच ठेव.

तुझा,
सूर्यकांत

॥ श्री ॥

मिरज
२३ ऑगस्ट १९९८

चि. सूर्यकांतास,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

पत्र मिळाले. पेढे आणायला निघाले आणि अर्ध्या वाटेतून परत फिरले. काल दोनदा एस.टी.डी.वरून तुझ्या दुकानाचा फोन लावून पाहिला, लागला नाही, म्हणून घाईने लिहिते.

तू टेप चित्राभोवती फिरवलीस, असं लिहिलं आहेस. अरे शहाण्या, चार इंची पट्टीला ते कसं चालेल? कोपऱ्याला तिरका काप घेतोस ना? मग पट्टीची बाहेरची कड चित्रापेक्षा दोन्ही टोकांना चार चार इंच लांब निघणार. चार पट्ट्या, आठ टोकं. सहा फूट कसले, पावणेनऊ फूट पट्टी जाईल. आपल्या पाऊण इंचाला हा फरक मजुरीत खपून जायचा. अण्णांनी उभ्या जन्मात दीड इंचाच्या वरची पट्टी कापली नाही, तर ते तुला हे शिकवणार कुठून? मलाही ठाऊक नव्हतं. मागच्या वर्षी एका बँकेच्या साहेबाची जाड फ्रेम केली तेव्हा अंगाशी आलं.

सही करायच्या आधी एक फ्रेम कापून बघ. एवढं माझं ऐक. लहानपणी ऐकलं नाहीस, निदान आता ऐक. मुग्धाला म्हणावं, आत्याने पेपरच्या वेळेसाठी शाईचं पेन घेऊन ठेवलं आहे.

सौ. साधनास आशीर्वाद. उलट टपाली कळव, तोवर मला चैन नाही.

तुझी,
प्रमिलाताई

॥ श्री ॥

करामा, दुबई
८ सप्टेंबर १९९८

ती. प्रमिलाताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र हातात पडलं तेव्हा सही होऊन बारा दिवस झाले होते आणि पंचवीस फ्रेमा भिंतीला टेकवून उभ्या होत्या. चाळीस फ्रेमांची म्हणून आणलेली पट्टी पंचविसातच संपली होती. मला वाटलं पुरवठादाराने फसवलं. त्याच्याशी भांडूनही आलो. मग तुझं पत्र वाचलं आणि भिंतीला टेकलेल्या फ्रेमची बाहेरची कड मोजली.

नफा जाऊ दे, आता प्रत्येक फ्रेमला माझेच वीस दिरहम जातात. म्हणजे दोनशे तीस रुपये मी पदरचे देतो आणि वर काच पुसूनही देतो. मॅनेजरकडे गेलो. त्याने चहा पाजला, माझी सही दाखवली आणि भाव म्हणजे भाव, खलास, असं हसतमुखाने सांगितलं. काम सोडलं तर दंड आहे. तो माझ्याच्याने भरवणार नाही.

साधनाला सांगितलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं. नोव्हेंबरात लायसन्स आणि दुकानाचं भाडं एकदमच भरायचं आहे. लायसन्स गेलं की व्हिसा गेला, आणि माझ्या व्हिसावर त्या दोघी आहेत. मुग्धाची परीक्षा मार्चमध्ये. ताई, माझं डोकं चालत नाही. काही सुचलं तर लिही.

आशीर्वाद असू दे, त्याची आता खरोखर गरज आहे.

सूर्यकांत

॥ श्री ॥

मिरज
२१ सप्टेंबर १९९८

चि. सूर्यकांतास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

आधी पोटभर जेव. तू उपाशी राहून विचार करतोस हे मला ठाऊक आहे.

एक सुचतं. फ्रेम बाहेरून तेवढीच मोठी ठेव, पण पट्टी दीड इंची, स्वस्तातली घे आणि उरलेली जागा माउंटने भर. रुंद माउंटमध्ये चित्र जास्त उठून दिसतं. एक नमुना करून त्या मॅनेजरच्या टेबलावर ठेव. तोंडाने काही बोलू नकोस, तुला बोलता येत नाही.

नाही पटलं त्याला, तर मग हात टेकले. पण काही झालं तरी मुग्धाला दहावीच्या मध्येच उचलू नकोस. मी दुकानातून थोडंफार पाठवू शकते. संकोच करू नकोस, तुझ्या मुंजीत मी तुझ्या वाटचे लाडू खाल्ले होते, ते फेडते असं समज.

सौ. साधनास आणि चि. मुग्धास आशीर्वाद. पत्राची वाट पाहते.

प्रमिलाताई

॥ श्री ॥

शारजा
१८ नोव्हेंबर १९९८

ती. प्रमिलाताईस,
शि. सा. न. वि. वि.

इतके दिवस लिहिलं नाही, रागावू नकोस. नमुना मॅनेजरने हातातही घेतला नाही, त्याला सोनेरीच हवी होती. चारशेच्या चारशे फ्रेमा पुऱ्या केल्या आणि ऑक्टोबरअखेर दुकानाची किल्ली परत दिली. पाटी मी स्वतः उतरवली. तुझे पैसे पोचले, त्यात घरभाडं भागलं.

इथे औद्योगिक क्षेत्रात रत्नागिरीच्या मोहिद्दीनभाईंचं फर्निचरचं वर्कशॉप आहे. त्यांना फ्रेमचं काम सुरू करायचं होतं. त्यांनी मला कारागीर म्हणून व्हिसा दिला, कुटुंबाच्या व्हिसाला लागतो तेवढा पगार कागदावर दाखवला, म्हणून साधना-मुग्धाही राहू शकल्या. मला वाटलं, सुटलो. मार्चपर्यंत निभावेल.

आता ऐक. त्याच हॉटेलवाल्यांचं अल ऐनला नवं हॉटेल होतं आहे. तिथल्या पाचशे फ्रेमा, तशाच, त्याच भावात. माझा शोध घेत मॅनेजर इथे आला आणि माझं कौतुक करून गेला. मोहिद्दीनभाई खूश आहेत. त्यांचा हिशेब सरळ आहे, सूर्यकांतने या भावात चारशे केल्या म्हणजे यात नफा असणारच. दुकान का बंद केलं हे मी त्यांना लाजेखातर सांगितलं नव्हतं, भाडं वाढलं म्हणालो होतो. शनिवारी ते सही करणार.

सांगितलं तर ते ही ऑर्डर सोडतील. ऑर्डर सुटली की मला द्यायला त्यांच्याकडे काम नाही, मग पगार नाही आणि व्हिसाही नाही. नाही सांगितलं तर मार्चपर्यंत मी त्यांच्याच करवतीने त्यांचं दुकान कापत बसेन. माणूस भला आहे गं. रोज दुपारी स्वतःच्या डब्यातली भाकरी माझ्यापुढे सरकवतो. साधना म्हणते, चार महिने तोंड बंद ठेवा, नाहीतर पोरीचं वर्ष जाईल. तिचं खोटं नाही. मी रात्रंदिवस हाच विचार करतो आणि मला वेड लागायची पाळी आली आहे.

तुझं उत्तर येईपर्यंत शनिवार होऊन गेलेला असेल. तरी लिही. माया आटू देऊ नकोस.

सूर्यकांत

॥ श्री ॥

मिरज
३० नोव्हेंबर १९९८

चि. सूर्यकांतास,
आशीर्वाद. वि. वि.

पत्र आजच मिळालं. फिरवून फिरवून लिहीत नाही. गप्प राहा.

मी हे लिहिते आहे यावर माझाच विश्वास बसत नाही. गिऱ्हाइकाला चार आणे जास्त लागले तर मी हाक मारून परत देते. पण तो माणूस वर्कशॉपचा मालक आहे, त्याला टेप आहे, त्याने स्वतः मोजून घ्यावं. मुग्धाची दहावी एकदाच येते. पाप लागायचं असेल तर ते मी सांगितलं म्हणून मला लागू दे, मला पोरंबाळं नाहीत. शनिवारी तू काही बोलला नसशील अशी देवाजवळ प्रार्थना करते.

लगेच कळव. जीव टांगणीला लागला आहे.

प्रमिलाताई

॥ श्री ॥

करामा, दुबई
१४ डिसेंबर १९९८

ती. प्रमिलाताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. मी शनिवारी सकाळीच सांगून टाकलं होतं. ठरवून नाही गं. साधनाला कबूल केलं होतं की बोलणार नाही. पण मोहिद्दीनभाईंनी सहीसाठी पेन उघडलं आणि, यल्ला, चल सूर्यकांत, बिस्मिल्ला करू या, असं म्हणून माझ्याकडे पाहिलं. मी टेबलावरचा कागद ओढून घेतला. एक फ्रेम कापून त्यांच्यापुढे मोजली. त्यांनी स्वतः पुन्हा मोजली. मग त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि माझा हात धरला.

ऑर्डर त्यांनी सोडली. पंधरा दिवस मला दारं घासायचं काम दिलं, पण त्यांचाही नाइलाज आहे. पुढच्या आठवड्यात रमजान लागतो, धंदा मंद असतो. व्हिसा रद्द झाला. रद्द करायच्या कागदावर सही करताना त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी ओशाळून बाहेर येऊन उभा राहिलो.

शाळेत जाऊन आलो. मुग्धाचा फॉर्म इथून भरलेला आहे, परीक्षा इथेच द्यावी लागेल. मार्चमध्ये व्हिजिट व्हिसावर आणायचं तर तिकिटं, व्हिसा, राहणं, एवढं कुठून आणू? तू पाठवते म्हणशील म्हणून आधीच सांगतो, तुझं दुकानही मला बुडवायचं नाही. वर्ष गेलं असंच धर.

साधना बॅगा भरते आहे. माझ्याशी कामापुरतं बोलते. मुग्धाने इंग्रजीत एकच विचारलं, की त्या काकांसाठी मला बोलता आलं, मग तिच्यासाठी चार महिने गप्प का राहता आलं नाही. ताई, मी तिचा बाप आहे, आणि मी तिच्या पुस्तकांचं खोकं बांधत बसलो.

त्या दोघी पुढे येत आहेत, मी सामान विकून आठवड्याने निघेन. चोवीस तारखेला सकाळी महालक्ष्मीने मिरजेला उतरतील. स्टेशनवर तू जा. मुग्धाला काही विचारू नकोस आणि माझी बाजूही घेऊ नकोस. ती म्हणेल ते ऐकून घे. मला शिव्या दिल्या तरी देऊ दे.

तुझं न ऐकणारा, तुझाच,
सूर्यकांत